पावसाळ्यात फॉर्म भरा, मे महिन्यात रजा द्या

माथेरानकरांनो आणि घाटाखालच्या वाड्यांतून रोज वर कामाला येणाऱ्या सगळ्यांनो,

15 जूनच्या सुमारास नेरळहून येणारी गाडी बंद होते. दुकानांवर ताडपत्र्या चढतात, लॉजवाले निम्मी माणसं गावी पाठवतात आणि उरलेले आपण ओटीवर बसून धुकं बघतो. नेमक्या याच दिवसांत खाली विद्यापीठांचे प्रवेश चालू असतात. आम्हा काही जणांच्या हे लक्षात यायला वीस वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे आवाहन.

शिक्षण का सुटलं, हे आपण एकमेकांना सांगायला नको. पदवीसाठी रोज खाली उतरायचं म्हणजे आधी दस्तुरीपर्यंत पायपीट, मग टॅक्सी, मग नेरळहून लोकल. आणि शनिवार-रविवार तर धंद्याचे. एफवायला दोन विषय राहिले की पुढच्या सीझनला पोरगा किचनमध्ये नाहीतर घोड्यामागे. पोरीचं लग्न ठरतं. मी एसवायला सोडलं आणि 41व्या वर्षी बी.ए. झालो. परीक्षेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसायला गेलो तर शेजारचा मुलगा मला सुपरवायझर समजून उठून उभा राहिला. लाज वाटली खरी, पण पेपर हातात आल्यावर ती कुठे गेली कळलंही नाही.

धोंडो केशव कर्वे मुरूडहून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, तेव्हा वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. मॅट्रिक व्हायला 1881 उजाडलं, वय तेवीस. तुम्ही थोराड दिसता म्हणून आज कोणी परत पाठवणार नाही.

बारावी झाली असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते 1989 साली निघालंच मुळी आपल्यासारख्यांसाठी. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याहून जुनं, 1971 पासूनचं. इग्नूही आहे. बारावीच राहिली असेल, तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेलात तरी चालतं. सीझन सांभाळणाऱ्याला हा रस्ता सोयीचा.

जुन्या एफवाय-एसवायचे मार्क धरतात का, हे सगळे विचारतात. सरसकट उत्तर नाही. जुनी गुणपत्रिका दाखवून विद्यापीठाकडून लेखी घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. दूरशिक्षणाला आता एबीसी आणि डेब असे दोन आयडी ऑनलाइन काढावे लागतात, आणि घोडं अडतं ते तिथेच: आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखला आधीच हाताशी ठेवावा. आणि ‘सहा महिन्यांत पदवी’ म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला तसाच परत पाठवा. यूजीसीच्या यादीत नाव नसलेल्या ठिकाणी एक रुपयाही भरू नका.

आता हॉटेल-लॉजमालकांना. उन्हाळी परीक्षा बहुधा मे-जूनमध्ये येतात, हिवाळी डिसेंबर-जानेवारीत. दोन्ही वेळा तुमची गर्दी. केंद्र खाली असतं, म्हणून तीन तासांच्या पेपरला अख्खा दिवस जातो. तरीही रजा द्या. वेळापत्रक हातात पडल्यावर लगेच कळवायची जबाबदारी आमची. बदली माणूस आम्हीच आपसांत बघू. पगार कापायचा असेल तर कापा, पण ‘या वयात कशाला’ एवढं मात्र म्हणू नका.

कामं बदलताहेत. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. इथे परवाने होते 94. पदवीने उद्या लगेच नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही, मला मिळाली नाही. पण रिसेप्शनच्या जागेला अर्ज करताना शिक्षणाचा रकाना आता कोरा राहत नाही.

जून ते ऑगस्ट, दर मंगळवारी दुपारी आम्ही करसनदास मुळजी वाचनालयात बसणार आहोत. फॉर्म भरून देऊ, पैसे घेणार नाही. येताना आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि असेल ती गुणपत्रिका आणा. भिजून शाई फुटलेली असली तरी आणा. माथेरानच्या पावसात कोणाची कोरडी राहिली आहे?

— मध्येच शाळा-कॉलेज सोडलेले आणि परत गेलेले काही माथेरानकर