लावणीची दांडी

आषाढ लागला की तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदारांची हजेरीवही विस्कटते. कुंभवली, कोळवडे, पामकडची आणि विक्रमगड-जव्हारहून बोईसरला आलेली हेल्पर मंडळी आठ-पंधरा दिवस दिसेनाशी होतात. आवण वाढलं, खाचरात पाणी साचलं, की लावणी कुणासाठी खोळंबत नाही. ठेकेदार याला दांडी म्हणतो, आणि ही माणसं कधी सुधारायची नाहीत असंही वर ऐकवतो.

त्याला ठाऊक नसेल, पण या तक्रारीला अर्थशास्त्रात मोठं घराणं आहे. 1954 साली आर्थर लुइस यांनी मांडलं की गरीब देशांत शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं असतात. त्यातली काही उचलून कारखान्यात नेली तर शेतातलं उत्पादन घटत नाही, कारखान्यातलं मात्र वाढतं. पुढे 1979 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशाचे आकडे या मांडणीला आजही दुजोरा देतात. 2023-24 च्या श्रमबल पाहणीनुसार 46 टक्के कामकरी शेतीत आहेत, तर राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. भागाकार केला तर शेतातल्या माणसाचं वर्षाचं उत्पादन बाहेरच्या माणसाच्या जेमतेम पाव भरतं.

हा भागाकार कुंभवलीच्या वेशीवर गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. शेजारी तारापूरला 1969 मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं, मग वसाहत आली, आणि आज तिथे पोलाद, कापड, रंग, औषधं बनवणारे हजाराहून अधिक कारखाने आहेत. शेतीचं कौतुक शहरात बसून करणं सोपं असतं. पावसाळी भात निघालं की बहुतेक खाचरं मोकळी पडतात, भावाभावांत वाटण्या होऊन जमीन गुंठ्यांवर येते, आणि सातबाऱ्यावर नावं मावत नाहीत. अशा घरातल्या मुलाने बापाच्या मागे चिखलातच उभं राहावं असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पाळी करून महिन्याचा पगार घरी आणणाऱ्या पोराला लग्नाच्या बाजारातही भाव असतो. गावाने हा कौल केव्हाच दिला आहे.

तरीही तो पाव पुन्हा तपासायला हवा, कारण तो वर्षाचा हिशेब आहे, तासाचा नाही. भातशेतकरी वर्षभर भात करत नाही. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचे त्याचे दिवस मोजले तर वर्षाचा मोठा भाग तो वीटभट्टीवर, गवत कापणीवर किंवा नाक्यावर असतो. गोलिन, लागाकोस आणि वॉ या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली अनेक देशांसाठी कामाचे तास आणि शिक्षण यांचा फरक वजा करून पाहिला. दरी बरीच आटली, पण मिटली नाही. शेतीबाहेरचा माणूस तरीही सुमारे दुप्पट उत्पादक ठरला. म्हणजे कारखान्याचा फायदा खरा आहे, पण सांगितला जातो तेवढा नाही. आणि आषाढातल्या त्या पंधरवड्यात तर गणित पार उलटतं. तेव्हा चुकलेली लावणी म्हणजे वर्षाचा तांदूळ गेला. त्यापुढे हेल्परची रोजंदारी किती? लुइस ज्याला जास्तीचा म्हणतात तो माणूस त्या दिवसांत अजिबात जास्तीचा नसतो.

दुसरी दुरुस्ती नाल्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अव्वल होतं. सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागायला गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे खाडीवर पोट असणारी माणसं. कारखान्याची उत्पादकता फाटकाच्या आत मोजतात. जाळ्यात न आलेली मासळी त्या बेरजेतून वजा होत नाही. उलट मच्छीमारांची मिळकत घटली की तेच कमी उत्पादक ठरतात, आणि त्यांनी आता दुसरा धंदा बघावा असा सल्ला त्यांना मिळतो.

पण माझ्या मते खरा प्रश्न याहून साधा आहे. फाटकातून आत गेलेला माणूस आत किती वर्षं टिकतो? देशभरच्या संघटित कारखान्यांत पाचांतले दोन कामगार आता ठेकेदाराचे आहेत. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कोकणातला चाकरमानी निदान कायम होत असे, आणि त्यानेही गावचा तुकडा सोडला नव्हता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, लांबला, तेव्हा हजारो बिऱ्हाडांना गावच्या भाताने तगवलं. 2020 च्या टाळेबंदीत तेच झालं. शेतीतल्या कामकऱ्यांचं प्रमाण 2018-19 मधल्या 42.5 टक्क्यांवरून दोन वर्षांत 46.5 वर गेलं आणि 2023-24 पर्यंत फारसं उतरलं नव्हतं. शेती एवढी उत्पादक झाली म्हणून नव्हे. परतायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

आत जाणाऱ्यांत बाया कमी, हेही इथेच म्हटलं पाहिजे. ग्रामीण पुरुषांचं शेतीतलं प्रमाण 2017-18 मध्ये 55 टक्के होतं, ते 2023-24 मध्ये 49 वर आलं. बायांचं मात्र 73 वरून 77 वर चढलं. नवरा पाळीला, बायको खाचरात. ज्याला आपण शेती सोडणं म्हणतो ते पुष्कळदा शेती बायकोवर सोडणं असतं.

आता वाढवण बंदर येतंय. 76,200 कोटींचा प्रकल्प, 30 ऑगस्ट 2024 ला भूमिपूजन झालं. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानकही होतंय. लाखो नोकऱ्यांची भाषा पुन्हा ऐकू येते आणि तिच्यापाठोपाठ स्थानिकांना 80 टक्क्यांची. त्या सरकारी धोरणातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. नागपूरचा तरुणही स्थानिक आणि कुंभवलीचाही. मी बंदराच्या किंवा वसाहतीच्या विरोधात हे लिहीत नाही. शेतीतून माणसं बाहेर पडायलाच हवीत. पण किती नोकऱ्या दिल्या याऐवजी दिलेल्या नोकरीत पाच वर्षांनी किती जण उरले, हे आकडे कारखान्यांकडून आणि ठेकेदारांकडून मागितले पाहिजेत. ते हाती येईपर्यंत कुणी कुंभवलीकराला जमीन विकून मोकळा हो म्हणू नये.

आणि लावणीची ती दांडी? 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरले तरच पुढच्या वर्षी भरपगारी रजा मिळत असे. नव्या कामगार संहितेत ही अट 180 दिवसांची आहे. ठेकेदार मधेच ब्रेक देऊन नाव पुन्हा नव्याने चढवतो, त्यामुळे हे दिवस अनेकांचे कागदावर भरतच नाहीत. ते नीट मोजले, तर वीस दिवसांमागे एक या हिशेबाने वर्षाकाठी दहा-बारा रजा सहज निघतात. लावणी तेवढ्यात उरकते. गणपतीला गावी जाणाऱ्याला साहेब हसून सोडतात, तसंच आषाढातही सोडता येईल, आणि हजेरीवहीत त्या दिवसांपुढे खाड्याऐवजी रजा लिहिता येईल.