फेस गेला, साबण राहिला

गोदावरीवर फेस दिसला की नाशिकमध्ये बातमी होते. फेस विरला की बातमीही विरते. 2027 च्या सिंहस्थासाठी रामकुंडातल्या पाण्याचे नमुने घेतले जातीलच. प्रश्न आहे तो त्यात शोधणार काय, हा.

डिटर्जंटची रूढ तपासणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने होते. हा रंग धनभारित. तो धुण्याच्या पावडरीतल्या ऋणभारित रसायनाशी जोडी जमवतो आणि तेवढेच मोजतो. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 0.2 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली मर्यादाही याच गटापुरती आहे. कपडे मऊ करणारे कंडिशनर आणि फरशी पुसायची बेन्झाल्कोनियमयुक्त जंतुनाशके यांतली रसायने धनभारित असतात. ती या तपासणीला दिसत नाहीत. उलट ऋणभारित रेणूंना बिलगून आकडा खाली आणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानयोग्य पाण्याच्या निकषांत जिवाणू आहेत, सामू आहे, प्राणवायू आहे. डिटर्जंट नाही.

मग ही धनभारित रसायने जातात कुठे? बरीचशी गाळात. इथला खडक बेसाल्टचा. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी फुगणारी खनिजे असतात. त्यांच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो, आणि शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या घरात जातो. धनभारित रेणू तिथल्या सोडियम-कॅल्शियमला हुसकावून त्यांच्या जागी बसतात. एकदा बसले की सहजासहजी सुटत नाहीत. जिवाणूंच्या तावडीतही लवकर सापडत नाहीत. पावडरीतल्या ऋणभारित रेणूंना खरे तर ही माती दूर लोटते; पण जड पाण्यातले कॅल्शियम मध्ये पडून त्यांनाही तिथे टेकू देते. गाळाच्या खोल थरात प्राणवायू नसतो. तिथे त्यांचे विघटन जवळजवळ थांबते.

म्हणजे जे वाहून जाणार, ते आपण मोजतो. जे राहणार, ते मोजत नाही.

पात्राच्या सफाईत हा गाळ उपसला जातो. तो काठावर पडला काय किंवा कोणाच्या शेतात गेला काय, चिकटलेले रसायन त्याच्यासोबत जाते. तेव्हा गाळ कुठे टाकायचा, हे ठरवण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, आणि धनभारित रसायने वेगळी मोजावीत. तोवर ‘पाणी निकषांत बसते’ हे विधान बाटलीतल्या पाण्यापुरते खरे आहे. नदीच्या नावाने ते करू नये.