हरतालिकेची सखी



भाद्रपद लागला की आमच्या कल्याणच्या बाजारात हरतालिकेच्या रंगीत मूर्ती मांडलेल्या दिसतात. त्या जोडीनेच मिळतात, हे तुम्हांला माहीतच आहे. गेल्या वर्षी घाईत मी एकच उचलली, तर विकणारी बाई म्हणाली, "ताई, मैत्रिणीला कुठं सोडून चाललात?" मी हसले खरी, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आपण उपास करतो, पत्री वाहतो, जागरणाला फुगड्या घालतो. पण या दिवसाचं नाव कुणावरून पडलं? 'आली' म्हणजे सखी आणि 'हरिता' म्हणजे पळवून नेलेली. नारदाच्या सांगण्यावरून हिमालयाने मुलगी विष्णूला द्यायची ठरवली. पार्वतीच्या मनात शंकर. ती रडत बसली, तेव्हा सखीने उपदेश केला नाही की 'वडिलांचं ऐक' म्हटलं नाही. उचललं आणि रानात नेलं! तिथे पार्वतीने वाळूचं लिंग करून पूजा केली, रात्र जागवली. सकाळी पारणं केलं तेही सखीबरोबर. म्हणजे उपाशी दोघीही होत्या की हो! वर मात्र एकीलाच मिळाला. पुराणांत पार्वतीच्या जया-विजया भेटतात, पण कहाणीतली ही सखी बिननावाचीच.

माझ्या सखीला नाव आहे, पण इथे लिहीत नाही, रागावेल. बारावीनंतर घरच्यांनी माझं शिक्षण थांबवलं, तेव्हा तिने परस्पर माझा कॉलेजचा फॉर्म भरला आणि पहिली फी शिकवणीच्या पैशांतून दिली. आज ती डोंबिवलीला असते. लोकलने दहा मिनिटं. आणि मी तिच्याकडे गेले नव्हते अकरा वर्षांत! आधी मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं आजारपण, मग लाजच वाटायला लागली.

तिलाच परवा फोन केला. दोन क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, "वाळू मी चाळून आणते, तुझ्याकडे नेहमी खडे निघायचे."

तिला आता मधुमेह आहे, तेव्हा निर्जळी अजिबात नाही, हे मी आधीच बजावलंय. तुमच्याकडेही कुणी गोळ्या घेणारी असेल, दिवस गेलेली असेल, तर तिला आग्रहाने खायला घाला. मी राजगिऱ्याची भाकरी आणि दही ठेवणार आहे. आणि मूर्ती या खेपेला दोन.