शनिवार-रविवारचा ताळेबंद



युरोपातील एखाद्या विद्यापीठात एक सत्र शिकण्यासाठी मुलामुलींना पाठविण्याची रीत आता आपल्या व्यापारी कुटुंबांतही रुळू लागली आहे. पदवी इथल्याच महाविद्यालयाची. मधले चार-सहा महिने मात्र जर्मनी, फ्रान्स वा नेदरलँड्समधील सहयोगी विद्यापीठात. मुले तेथे पोहोचतात आणि दर सोमवारी घरच्यांच्या मोबाइलवर छायाचित्रे येऊ लागतात. या आठवड्यात प्राग, पुढच्या आठवड्यात ॲम्स्टरडॅम. मग वडीलधारी मंडळी विचारतात, "पोर शिकायला गेली आहे की फिरायला?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा पैसा, त्याने हिशेब मागावा. तोच आज मांडू या.

प्रथम अभ्यासाची बाजू. युरोपात अभ्यास 'ईसीटीएस' श्रेयांकांत मोजतात. पूर्ण सत्राचे ३० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे व्याख्याने, वाचन, परीक्षा मिळून २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. म्हणजे सत्राला ७५० ते ९०० तास. वीस आठवड्यांवर विभागले, तर आठवड्याला सुमारे चाळीस तास पडतात. सोमवार ते शुक्रवार नेटाने काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे शनिवार-रविवार मोकळे राहतात, ते असे. शिवाय जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात; किराणा शनिवारीच भरून ठेवावा लागतो. सणासुदीला रविवारीही दुकान उघडणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटेल. पण गावच बंद असेल, तर तरुण पोरांनी खोलीत बसून काय करावे?

आता खर्चाची बाजू. आपल्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना सर्वांना ठाऊक आहे. जर्मनीत त्याच धर्तीवर 'डॉइचलांड टिकेट' नावाचा मासिक पास आहे. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर महिन्याला ६३ युरो झाला. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला असला, तरी त्या पासावर देशभरातील प्रादेशिक रेल्वे, शहरबस आणि ट्राम चालतात. अतिजलद गाड्या मात्र नाहीत. पास बंद करायचा असल्यास महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. तारीख विसरण्याची किंमत मोजावी लागते, हे पेढीवर बसून शिकायला वर्षे लागतात.

दुसरा हिशेब दिवसांचा. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. त्यांपैकी एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा वा निवास परवाना असलेला विद्यार्थी उर्वरित देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. तेथे जायचे तर स्वतंत्र परवानगी लागते. पारपत्र आणि परवाना प्रत्येक प्रवासात जवळ हवाच, कारण सीमेवर तपासणी होऊ शकते.

तिसरा हिशेब आहाराचा, आणि तो आपल्या घरांतील मुलांना अधिक कठीण. विद्यापीठाच्या भोजनालयात शाकाहारी पदार्थ मिळतात. पण बटाटा, कांदा, गाजर यांतून सुटका क्वचितच. चौविहार पाळणाऱ्याची तर कसोटीच. बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर. वेळापत्रक स्वतः आखावे, वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात शिजवावे, प्रवासात खाकरे-ठेपले बांधून घ्यावेत. तेथे आजी पाहत नसते. नियम पाळला, तर तो त्या मुलाचा स्वतःचा होतो. जेवढा पाळायचा ठरवला, तेवढ्याचा जबाबही त्यालाच द्यायचा असतो.

अशा भटकंतीतून हाती काय येते? बेल्जियममधील अँटवर्पचे उदाहरण घ्या. मध्यवर्ती रेल्वेस्थानकालगतच तेथील जगप्रसिद्ध हिरेबाजार आहे आणि त्यात पालनपूरच्या जैन कुटुंबांनी आपली जागा मिळवली आहे. विल्राइक या उपनगरात त्यांनी संगमरवरी मंदिर उभारले. परक्या मुलखात पत कशी उभी राहते, हे तेथे एक शनिवार घालवून जेवढे समजेल, तेवढे पुस्तकातून समजणार नाही. आपले पूर्वज मुलाला परगावच्या पेढीवर उमेदवारीला धाडीत, ते याच हेतूने.

मुलाला धाडीत, असे मी लिहिले, मुलीला नव्हे. खरा पेच येथेच आहे. मुलगा प्रागला गेला तर कौतुक, मुलगी गेली तर काळजी. ही काळजी नवी नाही. आपल्या जिल्ह्यातील मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिले. तरीही पुत्र दिनकर यांनी पत्नी इरावती यांना शिक्षणासाठी जर्मनीला पाठविण्याचे ठरवले, तेव्हा तो बेत अण्णांना मान्य नव्हता. दिनकररावांनी माघार घेतली नाही. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई बर्लिनला गेल्या. सुमारे दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. पुढे देशभर हिंडून त्यांनी भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. खुद्द अण्णाही १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, युरोपातील शिक्षण परिषदांना गेले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. त्या नजरेने पाहता जीवराजभाईंचे ते कर्ज मला उत्तम वाटते. तारण होते ते एका विद्यार्थिनीची जिद्द.

म्हणून पालकांना काही व्यवहाराच्या सूचना. मूळ महाविद्यालय तेथील किती श्रेयांक मान्य करणार, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. वर्षाला १० लाख रुपयांवरील रकमेवर कर गोळा होतो. तो बुडत नाही, विवरणपत्रात जमा मिळतो. तेथील यंत्रावर कार्ड लावताना 'रुपये की युरो' असे विचारले, तर युरोच निवडावा. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. शिक्षण-निवास आणि प्रवास यांची खाती वेगळी ठेवावीत. प्रवासाची रक्कम सत्राच्या आरंभीच ठरवून द्यावी आणि नंतर प्रत्येक सहलीची परवानगी मागायला लावू नये. अडीअडचणीची शिल्लक मात्र वेगळी असावी आणि तिला हात लागू नये.

रोजमेळ मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावा. परत आल्यावर राम आळीतील आपल्या दुकानात तो शांतपणे वाचावा. त्यात एखादी चुकलेली गाडी, वाया गेलेले तिकीट, महागात पडलेले जेवण दिसेल. त्यावर रागावू नये. दुसऱ्या महिन्यात तीच चूक पुन्हा दिसते का, एवढेच पाहावे. ती दिसली नाही, तर सत्राची फी वसूल झाली असे समजावे. आणि धाकट्या बहिणीच्या अर्जावर सही करताना हात आखडू नये.