ब्रेक धरतो, पण सोडत नाही

जबलपुरात ऑगस्टची झड लागली की चार दिवस अंगणात भिजत उभी असलेली मोटारसायकल स्टँडवरून काढताना जड लागते. पुढे ढकलली की खर्रर्र आवाज होतो आणि चाक सुटतं. हा आवाज डिस्कवर चढलेल्या पातळ गंजाचा असतो. दोन-चारदा ब्रेक दाबला की गंज घासून जातो, त्याची काळजी नको.

काळजी करावी ती न सुटणाऱ्या जडपणाची. गाडी न्यूट्रलमध्ये उतारावरही रेंगाळते, अ‍ॅव्हरेज पडतो, थोडं अंतर गेलं की चाकापाशी जळका वास येतो. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक ठिकाणी दोनच उपाय होतात: पॅड बदलतात, नाहीतर घासून पातळ करतात. गाडी महिनाभर बरी चालते आणि पुन्हा आवळते. याचं कारण सरळ आहे. धरणाऱ्या ब्रेकचा दोष क्वचितच पॅडमध्ये असतो. दाबलेली वस्तू मागे का येत नाही, हे शोधायचं असतं.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते आणि सोडला की स्वतः सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. डिस्क मोकळी होते ती या केसभर अंतरामुळे. चिखल, पॅडची भुकटी आणि गंज यांचा थर पिस्टनवर बसला की हे मागे येणं बंद पडतं. त्यात नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन तसाच मळकट आत ढकलला, तर मळ सीलपर्यंत जातो आणि ती खराब करतो. म्हणून आधी पिस्टनची कड स्वच्छ करायची, मगच तो आत दाबायचा. या क्रमात घाई करणाऱ्या मिस्त्रीला मी थांबवतो.

दुसरी जागा कॅलिपरच्या सरकत्या पिनांची. बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो आणि अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून दुसरा पॅड टेकवतो. पिनांवरचं रबर फाटलं की पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, पिना अडकतात. एक पॅड दुसऱ्यापेक्षा फारच जास्त झिजला असेल, तर पहिला संशय पिनांवर घ्यावा. इथे बेअरिंगचं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं.

दोष वर लीव्हरकडे आहे की खाली कॅलिपरमध्ये, हे ओळखण्याची एक पद्धत प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असावी. गाडी मेन स्टँडवर लावा, चाक आवळलेलं असतानाच कॅलिपरवरचा निपल अगदी थोडा सैल करा. थेंबभर ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर दाब वाटेत अडकला होता. मग मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र मळाने बुजलंय का, ब्रेकच्या लीव्हरला मोकळी चाल उरली आहे का, ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरली आहे का, हे बघायचं. शोभेचा लीव्हर बसवलेल्या गाड्यांत चालीचाच घोटाळा असू शकतो. जुना रबरी होज आतून सुजला तरी ऑइल खाली जातं, परत येत नाही. निपल सोडूनही चाक आवळलेलंच राहिलं, तर कॅलिपर उघडा. नंतर ऑइल भरून एअर काढा आणि लीव्हर घट्ट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

ड्रम ब्रेकचं दुखणं बहुधा कॅमच्या दांड्यात असतं. दांडा गंजून अडकतो, लायनर मिटत नाहीत, आणि मिस्त्री मागचा नट सैल करून देतो. चाक फिरतं, पण ब्रेकही ढिला होतो. खरा उपाय म्हणजे चाक काढून, कॅम बाहेर घेऊन, पॉलिश पेपरने साफ करून अगदी पातळ ग्रीस लावणं. कॅमचा बाहेरचा आर्म काढण्यापूर्वी त्यावर खूण करावी. भुकटी हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, ती फुप्फुसात जाते. नव्या गाड्यांत आणखी एक जागा बघावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचाही लागतो, त्यामुळे जोडणारी केबल किंवा पेडलचा दांडा अडकला तर दोन्ही चाकं धरू शकतात.

या सगळ्या दुरुस्तीत महाग पार्ट फारसा लागत नाही. लागतो तासभर हात. आणि आपण गिऱ्हाईक नेमके त्याच हाताचे पैसे देताना कुरकुरतो. नव्या पॅडची पुडी दिसते, म्हणून तिचे मुकाट देतो. साफ केलेली पिन दिसत नाही, म्हणून घासाघीस करतो. मग मिस्त्रीने पॅडच विकावेत यात नवल काय? जबलपूर तर गाड्या जाणणारं शहर आहे. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी, तिथे बनलेले लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या यांवर इथल्या पिढ्या पोसल्या, त्यांत मराठी घरंही होती. लष्करी गाडीची देखभाल वेळापत्रकाने होते, बिघाडाची वाट पाहिली जात नाही. घरच्या दुचाकीला ती शिस्त का नको?

लखनादौन, सिवनी करत नागपूरला दुचाकीवर निघणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावंच. धरलेला ब्रेक तासन्‌तास ऑइल तापवत राहतो. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही. हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उकळलं की वाफ होते, लीव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. वाटेतल्या कुरईच्या घाटात उतरताना असं झालं तर सावरायला जागा नसते. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती.

तेव्हा पावसाळा संपला की गाडी गॅरेजात न्या आणि स्पष्ट सांगा: कॅलिपर उघडा, पिना आणि कॅम साफ करा, ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर बदला. मजुरी आधी ठरवा आणि काम समोर उभं राहून करून घ्या. चांगलं केलं तर ठरल्यापेक्षा चार पैसे जास्तच द्या.