वाघ दिसला की बीटगार्डला घेराव. पण त्याच्या हातात असतं तरी काय?

मोहफुलं पडायला लागली की ताडोबाच्या भोवतालच्या भद्रावती, चिमूर, सिंदेवाही, मूल तालुक्यांत बीटगार्डच्या फोनला उसंत नसते. पहाटे फोन येतो, ‘साहेब, गाय पाडली वाघानं.’ तिकडे निघावं तर वणव्याचा अलर्ट. दुपारी कुठल्या तरी विहिरीत रानडुक्कर, नाहीतर बिबट. संध्याकाळी कुणाच्या घरात नाग निघतो, तोही फोन यालाच. मधल्या वेळात गस्त, पाणवठ्याची पाहणी आणि गस्तीची नोंद मोबाइलमधल्या ‘एम-स्ट्राइप्स’ ॲपवर. पर्यटकांना जिप्सीतून जे जंगल दिसतं, त्याच्या मागे हे सगळं रोज चालू असतं.

आणि ज्या दिवशी माणूस मारला जातो त्या दिवशी हाच बीटगार्ड लोकांच्या घेरावात उभा असतो.

लोकांचा राग खोटा नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हौसेनं कोणी जंगलात जात नाही. तेंदूच्या पंधरा-वीस दिवसांत घरात जो रोख पैसा येतो, त्यावर पेरणीचं बियाणं आणि पोरांच्या शाळेचा खर्च निघतो. हंगाम सोडा म्हणणं सोपं आहे, पण त्या पैशाची सोय कोण करणार?

तरी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. उन्हाळ्यातल्या या घटना एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. मोहफूल वेचायचं तर झाडाखालचा पालापाचोळा साफ हवा, म्हणून कोणी काडी लावतो. तेंदूला कोवळी पानं चांगली फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. ती आग झाडाखाली थांबत नाही. वणवा पेटला की गवत जातं, गवत गेलं की चितळ-सांबर सरकतं, आणि वाघ त्यांच्या मागे. त्यात नाले आटलेले, म्हणून जनावर पाण्याच्या कडेला, बोडी-तलावाजवळ बसतं. नेमक्या याच दिवसांत आपली माणसं पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून फुलं वेचत असतात. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वन विभागातले जुने लोक सांगतात. बहुतेक हल्ले मागून होतात ते त्यामुळेच.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतात. उपग्रहाने आग टिपली की मोबाइलवर सूचना येते. मग बीटगार्ड आणि रोजंदारीवरचे मजूर ब्लोअर घेऊन, तो नसेल तर झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन जाळरेषेवर धावतात. त्याच वेळी दुसऱ्या गावात गाय मेलेली असली तर पंचनाम्याला उशीर होतो. गावकरी म्हणतात, वन विभाग झोपला. खरं म्हणजे माणूस एक आणि घटना तीन, असा तो हिशेब असतो.

गाईच्या पंचनाम्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आपलंच नुकसान होतं. घटना ४८ तासांच्या आत कळवावी लागते. मेलेलं जनावर जागेवरून हलवलं, की ते वाघानं मारलं की कशानं, हे ठरवणं अवघड होतं आणि प्रकरण अडकतं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. वाघ शिकारीवर परत येतो. ती ओढून नेली तर तो उपाशी राहतो आणि एक-दोन दिवसांत दुसरं ढोर पाडतो, तेही गावाच्या आणखी जवळ. गार्ड ‘हात लावू नका’ म्हणतो त्याचा अर्थ हा असतो. मेलेल्या जनावरावर औषध टाकणं किंवा शेताच्या तारेत करंट सोडणं तर सरळ गुन्हा आहे. त्या तारेवर वाघाआधी आपला शेजारीही मरू शकतो.

आता माणसावर हल्ला झाला तर काय होतं ते पाहू. पहिला फोन गावातून जातो. तोवर दोनशे-तीनशे लोक काठ्या घेऊन झुडपाभोवती, निम्म्या लोकांचे मोबाइल व्हिडिओ काढायला वर. वाघ बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी दबून असतो. गर्दीने त्याची वाट अडवली की तो बाहेर पडायला माणसावरच झेप घेतो. म्हणून वनरक्षकाचं पहिलं काम वाघ पकडण्याचं नसून लोक मागे सारून वाघाला वाट मोकळी करून देण्याचं असतं. नेमकं हेच पाहून लोक म्हणतात, ‘हे वाघाच्या बाजूचे.’

‘आत्ताच्या आत्ता पकडा, नाहीतर गोळी घाला’ ही मागणी ज्याच्याकडे केली जाते, त्याच्या हातात बहुधा काठी, टॉर्च आणि मोबाइल असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार वाघाला बेशुद्ध करून पकडायचं किंवा ठार मारायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. ते बसतात नागपूरला. मारण्याचा आदेश तर पकडणं शक्यच नसेल तेव्हाच. बीटगार्ड सोडाच, आरएफओलाही हा अधिकार नाही. आदेश आला तरी डार्ट लागल्याबरोबर वाघ खाली पडत नाही, काही मिनिटं तो पळतो. म्हणून अंधार पडल्यावर डार्ट मारत नाहीत, गर्दी असली तरी नाही. शिवाय आधी कोणता वाघ आहे ते कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून ओळखावं लागतं, नाहीतर भलताच पकडला जातो आणि हल्ले करणारा मोकळा राहतो. राजुरा तालुक्यातल्या आरटी-१ वाघाच्या मागे पथकं कित्येक महिने होती, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२० मध्ये तो सापडला.

हे काम करणारेही मरतात, हे आपण लवकर विसरलो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. वाघीण वाटेत बसली होती म्हणून ती आणि सोबतचे मजूर बराच वेळ थांबले, मग जंगलातून वळसा घेऊन जायला लागले, तेवढ्यात झडप पडली. पंधरा-वीस वर्षं जंगलात काढलेल्याच्या बाबतीतही हे होऊ शकतं.

पण म्हणून विभागाची बाजू सगळी बरोबर, असं नाही. राज्यात वाघ २०१८ च्या गणनेत ३१२ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. त्यातले कितीतरी ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी विभागासारख्या गावं-शेतं-जंगल मिसळलेल्या भागात राहतात. वाघ वाढले त्या मानाने गावाजवळ राबणारे हात वाढले नाहीत. भद्रावती तालुक्यातल्या सीताराम पेठेत कॅमेऱ्याची ‘आभासी भिंत’ बसवली, वाघ आला की इशारा मिळतो, चांगलंच आहे. पण एक-दोन गावांत प्रयोग आणि बाकी गावांत व्हॉट्सॲपवर फिरणारा कुठल्या तरी राज्यातला जुना वाघाचा व्हिडिओ, असं किती दिवस चालायचं? विभागाच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तर तो कोणत्या नाल्याकडे आहे हे त्याच संध्याकाळी सरपंच आणि पोलीस पाटलांना कळलं पाहिजे. चार दिवसांनी आलेल्या ‘सतर्क राहावे’ या पत्राचा मोहफूल वेचणाऱ्या बाईला काही उपयोग नाही.

मृत्यू झाला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदतठेवीत. हे बहुतेकांना माहीत झालंय. पण आणखी एक गोष्ट फार कमी गावांना माहीत आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार वाघ वस्तीजवळ फिरायला लागला की एक समिती बसवायची असते, आणि तिच्यात स्थानिक पंचायतीचा प्रतिनिधीही असतो. म्हणजे पिंजरा कुठे, कॅमेरे किती, तेंदू किती दिवस थांबवायचा, हे बोलायला गावाला खुर्ची आहे. ती रिकामी राहते आणि सगळी भांडणं रस्त्यावर बीटगार्डशी होतात.

तेंदूचा हंगाम तोंडावर असताना १ मे ची ग्रामसभा येते. गावाचा प्रतिनिधी कोण, प्राथमिक प्रतिसाद दलात आपल्या गावची पोरं कोणती, त्यांचे नंबर काय, तोडणीला किती जणांच्या टोळीने आणि किती वाजल्यानंतर जायचं, हे त्या सभेच्या ठरावात लिहून घेता येतं. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे. फोन करताना गावाचं नाव, जवळचा नाला किंवा तलाव आणि जनावर शेवटी कोणत्या दिशेला गेलं, एवढं सांगितलं तरी पथकाचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.