इंजिन कुणाचं घ्यायचं?

गेले चार महिने घरात मी एकाच विषयावर बोलतोय आणि बायकोने आता ऐकणं सोडून दिलंय. म्हणून तुम्ही ऐका.

गॅरेजमध्ये गाडी बांधतोय. खरीखुरी, दोन माणसांची, बिनछपराची, १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाची. इथे इंग्लंडात हे वेड बऱ्याच जणांना असतं. रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने १९९६ साली २५० पौंडांत अशी गाडी कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिलं. (२५० पौंडांत माझी वेल्डिंगची तयारीसुद्धा झाली नाही, पण ते असो.) सांगाडा तयार आहे. घोडं अडलं होतं इंजिनाशी.

माझं मन बसलं होतं हायाबुसाच्या, म्हणजे चक्क मोटरसायकलच्या इंजिनावर. १३०० सीसी, दीडशेच्या वर अश्वशक्ती, गिअरबॉक्स त्यातच, वजन कमी. एवढं ऐकल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही?

बाबांचं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस, सध्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे. पहिला प्रश्न, "रिव्हर्स कुठाय?" मोटरसायकलला तो नसतोच. त्यासाठी वेगळा गिअरबॉक्स नाहीतर इलेक्ट्रिक मोटर जोडावी लागते. दुसरा प्रश्न, "आणि वळणावर ऑइल कुठं जाणार रे?" मी गप्प. मोटरसायकल वळताना कलते, म्हणून ऑइल तळाशीच राहतं. गाडी तशी कलत नाही. ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. उपाय आहेत, नाहीत असं नाही. पण एकेका उपायाला एकेक हिवाळा.

मला तर आता वाटतं, अश्वशक्तीचा आकडा बघून इंजिन निवडणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं. इंजिनामागे गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल असा सगळा गोतावळा येतो. तो एकाच घरचा असेल तर निम्मी भांडणं टळतात. आम्ही शेवटी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतली, १६०० सीसीची. बाजूचे पत्रे गंजून भंगारात निघालेली, म्हणून स्वस्त. इंजिन पुढे उभं, चाल मागच्या चाकांना, वायरिंगसकट सगळं एका जागी. ताकद ११५ अश्वशक्तीच, पण आमची गाडी होईल जेमतेम सहाशे किलोची. पुरे की!

तरी एक गंमत निघालीच. या गाडीत गिअरबॉक्सला स्वतःचा माउंटिंग नाही. अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई त्याला थेट डिफरन्शियलशी बांधते. ती आमच्या सांगाड्यात बसेना. बाबा दोन दिवस पुठ्ठे कापत बसले आणि तिसऱ्या दिवशी ब्रॅकेटचा नमुना हातात दिला.

अर्धवट सोडलेल्या गाड्यांच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं वाचतोय. बहुतेकांत इंजिन भारी असतं. मला गाडी बाबा परत जायच्या आत सुरू झालेली हवी आहे. ते पुन्हा एवढा प्रवास करतील की नाही, हा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

काल इंजिन उतरवलं. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला बाबांनी चिकटपट्टी लावून मराठीत नावं लिहिलीत: 'पंखा', 'डावा दिवा', 'पेट्रोल पंप'. चार टोकांवर लिहिलंय 'माहीत नाही'. त्यांचं तिकीट मार्चचं आहे.